आंबट लागलं की घासायचं नाही

घरमालकांचे दात मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांच्या घरात राहायला येऊन आम्हाला तीन वर्षं होऊन गेली होती. तीन वर्षं एकाच नळावर पाणी भरलं, एकाच अंगणात कपडे वाळवले, पण त्यांचं तोंड काही दिसलं नाही. नाकाखाली कायम दुपट्टा. उन्हाळ्यात भंडाऱ्यात सगळेच बांधतात, त्यात नवल नाही. हे थंडीतही बांधायचे. चहा भिंतीकडे तोंड करून प्यायचे. हसले तर डोळे हसायचे आणि खांदे हलायचे, बाकी सगळं दुपट्ट्याच्या आत.

माझा समज पक्का होता. खर्रा. आमच्या भागात कुणाचे दात गेले तर कारण विचारायची पद्धत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेली ती पुडी. तिच्यापायी अर्धं गाव तोंड लपवून बसलेलं मी पाहिलं आहे. माझ्या बापाचं तोंड शेवटी दोन बोटं उघडत होतं. माय भाताचा घास चपटा करून त्याच्या दातांतून आत सरकवायची. मी लाखांदूरकडच्या त्या घरातली पहिली पदवीधर. बीएस्सी, रसायनशास्त्र. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मिरवते आहे. मिरवतेच. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते. आणि त्या पदवीइतकीच दुसरी गोष्ट मी मिरवत होते, माझ्या घरात खर्ऱ्याची पुडी येत नाही. नवरा पसंत करतानाही पहिला प्रश्न तोच विचारला होता. खर्रा नाही म्हणजे तोंडाची काळजी मिटली, असं मी समजून चालले होते.

मला शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. नवऱ्याचं लाखनीला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. दोघांना सोयीचं म्हणून भंडाऱ्यात खोली शोधत होतो. चार ठिकाणी आडनाव विचारलं आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं कळलं. पाचवं घर पितळी भांड्यांच्या गल्लीत होतं. म्हातारबाबा ओट्यावर बसून एक गुंड, म्हणजे पाण्याचं मोठं पितळी भांडं, मांडीवर आडवं घेऊन आत डोकं घालून पाहत होते. त्यांनी आडनाव विचारलं नाही.

"भांडे कायचे आहेत तुमच्याकडं?" गुंडातूनच आवाज आला.

"स्टीलचे."

"सगळे?"

"सगळे."

डोकं बाहेर आलं. दुपट्ट्यावरचे डोळे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी घरातलं कुणी गेल्याचं सांगितलं. "मंग मले ठोकायले काई नाही राहिलं," म्हणाले. "राहा. नळ सकाळी येते."

ठोकायला म्हणजे वाजवून पाहायला. कोणतंही भांडं हातात आलं की बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान लावायचा, ही त्यांची सवय. उभा जन्म पितळेच्या कारखान्यात आणि नंतर कल्हईत गेला होता. आता कल्हई लावून घ्यायला कुणी येत नव्हतं. पण भांडं आतून बघायची खोड गेली नव्हती. "भांडं बाहेरून नाही जात. आतून जाते," हे त्यांचं वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचं. माणसांनाही ते तसंच बघायचे. कुणी बोलायला लागलं की यांची नजर त्याच्या डोळ्यांवर नाही, दातांवर. समोरचा अवघडून ओठ मिटायचा. शेजारची काकू म्हणायची, "बुढ्याशी बोलताना वाटते का आपल्या तोंडात उंदीर आहे."

मला ते 'बीएस्सी' म्हणायचे. "ओ बीएस्सी, नळ गेला." "ओ बीएस्सी, मांजरानं दूध पेलं." त्यात टोमणा किती आणि मान किती हे मला कधीच ठरवता आलं नाही. माझ्या मुलीचं नाव त्यांनी 'गडवी' ठेवलं. गडवा म्हणजे आमच्याकडचा तांब्या. लहानसा असला की गडवी. तिलाही पहिल्या दिवशी त्यांनी डोक्यावर हलकी टिचकी मारून कान लावला होता. "आवाज चांगला आहे," म्हणाले. ती खूश.

आणि ओट्यावर उंबऱ्याशी एक पितळी गडवा कायम भरलेला. तो पिण्यासाठी नव्हता. तो खंगाळण्यासाठी होता. गल्लीतलं कुणी बाटलीतलं थंडं, म्हणजे कोल्ड्रिंक, पीत समोरून गेलं की हे उठायचे, गडवा पुढे करायचे. "खंगाळ. फिरव अन् थूक." पोट्टे हसून पळायचे, काही मुद्दाम समोर येऊन प्यायचे. उरलेलं, गॅस गेलेलं थंडं मात्र ते मागून आणायचे आणि काळ्या पडलेल्या समयांवर, घंटांवर ओतून फडक्यानं पुसायचे. अर्धी घंटा लखलखीत, अर्धी काळी, अशी ओट्यावर मांडून ठेवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "पाहा. पितळाले असं करते. तुमचं तोंड तं मासाचं आहे." लग्नांत तर ते थंड्याच्या टेबलाजवळ गडवा घेऊनच उभे राहायचे. यजमान हात जोडून त्यांना जेवायच्या पंगतीत नेऊन बसवायचे. लोकांना ती करमणूक वाटायची. मलाही वाटायची, माझ्या घरी प्रसंग येईपर्यंत.

थंड्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या लहानपणी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, बाप आम्हा चौघांत एक बाटली घ्यायचा. एकेकाला मोजून घोट. तिसऱ्या घोटाला बहीण ओरडायची. बाटली परत द्यायच्या आधी मी तळाशी जीभ घालायचा प्रयत्न करायचे. पुढे फ्रिज घेतला तेव्हा मी त्यात पहिली वस्तू ठेवली ती दोन लिटरची बाटली. साधा पाहुणा आला तर चहा, मानाचा आला तर थंडं. ही आमच्याकडची रीत, आणि माझ्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा मानाचा. मुलीला पेपरात चांगले गुण मिळाले की थंडं, औषध मुकाट घेतलं की थंडं. माझ्या पोरीला घोट मोजून मिळणार नव्हते.

तिच्या आठव्या वाढदिवसाला गावाहून माझा भाऊ, वहिनी, मामा एसटीनं आले. काचेचे नवे ग्लास काढले. पोरांना भरून दिले, मोठ्यांना भरून दिले. तेवढ्यात दारात घरमालक, हातात गडवा.

"पेले ना सगळे? चला, एकेक जण. खंगाळा."

माझा भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. "हे काय होय जी? आमी का खर्रा खाल्ला का?"

"खर्रा खाल्ला असता तं थुकलाच असता. हे तं गिळून बसलास."

मामा हसले. वहिनीनं पदर तोंडाला लावला. आणि माझी मुलगी, वाढदिवसाची टोपी घालून, सगळ्यांच्या आधी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडलं. त्यांनी तिच्या तोंडात पाणी घातलं. ती मोरीत थुंकून आली. गावचे पाहुणे बघत होते. माझ्या घरी, माझ्या नव्या ग्लासांसमोर, सगळ्यांना थुंकायला लावणारा हा माणूस. खरं म्हणजे मी चिडले होते ते वेगळ्याच कारणानं. गावात बापाच्या पिढीला लोक वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. ते त्या क्षणी कुठून आठवलं कोण जाणे. त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"बाबाजी," मी म्हटलं, "आधी आपल्या तोंडात काय उरलं ते पाहा. मंग दुसऱ्याले खंगाळाले सांगा."

त्यांनी दुपट्टा नाकावर वर ओढला, गडवा उचलला आणि गेले.

त्यानंतर चार-पाच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. नळ गेला तरी हाक नाही. मुलीशी बोलायचे. गडवा मात्र रोज सकाळी भरून आमच्या पायरीशी. त्यांच्या नाही, आमच्या. मी तो ओलांडून शाळेत जायचे.

आता माझी चूक सांगते. शिकलेल्या बाईची चूक आहे, अडाण्याला सुचली नसती.

उन्हाळा लागला. मुलगी शाळेत पाणी प्यायची नाही, बाटली भरलेली परत आणायची. मी तिच्या पाण्याच्या बाटलीत अर्धं थंडं आणि अर्धं पाणी घालायला लागले. आम्ल पातळ केलं की सौम्य होतं, हे मी वर्गात शिकवते. निळा लिटमस, लाल लिटमस, सगळं फळ्यावर काढते. म्हटलं, साखर निम्मी, आम्ल निम्मं, पाणी पोटात जातंय. बाटली रिकामी येऊ लागली. मी समाधानी. आणि ती घरी आली की लगेच तोंड धुवायला उभी करायची आणि कडक ब्रशनं स्वतः घासून द्यायची, हिरड्या लाल होईपर्यंत. गोड राहायला नको. माझ्याइतकी जागरूक आई त्या गल्लीत नव्हती.

चैत्राच्या शेवटी एक दिवस तिनं माठातलं पाणी प्यायलं आणि ग्लास टाकून दिला. दोन्ही हात तोंडावर. "आई, दात वाजले."

"वाजले म्हणजे?"

"आत वाजले."

मी तिला खिडकीशी नेलं. वरचे पुढचे दोन दात. दुधाचे पडून नवे आले तेव्हा कडा करवतीसारख्या होत्या, मी फोटो काढला होता. आता कडा गुळगुळीत, पातळ, आणि निळसर. ऊन मागून पडलं तर कडेतून उजेड आरपार येत होता. काचेचा तुकडा बसवावा तसा. मी तिला खिडकीकडे, मग दाराकडे, मग अंगणात नेलं. सगळीकडे तसंच. दुधाचा दात गेला तर दुसरा येतो. हे दात एकदाच येतात, हेही मीच शिकवते.

मी काय केलं? आणखी जोरात घासायला लागले. वाटलं, काहीतरी चिकटलं असेल. रोज सकाळी उठल्यावर आधी तिचं तोंड उघडून बघायचे, शाळेत जाताना बघायचे, आल्यावर बघायचे. वर्गात फळ्याकडे पाठ केली की चाळीस पोरांचे दात दिसायचे. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "अवं, तुले दिसून राहिलं तसं काई नाही." मला रडू यायचं ते याचंच, की मला दिसत होतं.

एका दुपारी अंगणातल्या नळाशी मी तिचे दात घासत होते आणि मागून आवाज आला.

"ओ बीएस्सी, थांब."

पाच महिन्यांनी पहिला शब्द. मी थांबले नाही. त्यांनी येऊन माझ्या हातातला ब्रश धरला. कधी कुणा बाईच्या हाताला हात न लावणारा माणूस.

"पोट्टी आताच शाळेतून आली ना?"

"हो."

"बाटलीत तेच होतं ना?"

"अर्धं पाणी असते त्यात."

"मंग घासून काहून राहिली?"

"घाण राहू नाही म्हणून."

ते खाली बसले. मुलीला बाजूला केलं. बोलायला लागले तेव्हा आवाजात राग नव्हता, कारागीर दुसऱ्या कारागिराला सांगतो तसं सांगत होते. "आमाले भांड्यावरचा थर काढाचा असला तं आमी काय करतो? पयले आंबट लावतो. वरचं नरम पडते. मंग घासतो. तं निघते. नुसतं घासून निघत नाही, नुसतं आंबट लावून निघत नाही. दोन्ही मिळून निघते. तू पोट्टीच्या दाताले तेच करून राहिली. रोज."

मी म्हटलं, "पण बाबाजी, मी पातळ करून देते. पातळ केलं तर..."

"पातळ तेजाबात ठेवून विसरलेलं भांडं पाहिलं का तू? जाड तेजाबात बुडवलं, काढलं, धुतलं, तं चमकते. पातळात पडून राहिलं तं खाते. हळूच खाते." मग मुलीकडे वळून, "गडवे, किती खेपा पेते तू?"

मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "घंटा झाली का एक घोट. अन् मधातही."

सात तासांचे सात, आणि मधले. मी रोज तिचे दात दिवसभर भिजत ठेवले होते आणि घरी आल्या आल्या घासून काढले होते. लिटमस शिकवणारी मी.

"आंबट लागलं का घासाचं नाही," ते म्हणाले. "खंगाळाचं. अन् थांबाचं. नरम पडलेलं परत घट होऊ द्याचं. तास, अर्धा तास. मंग हलक्या हातानं." गडवा त्यांनीच भरून आणला. या वेळी मी तिच्या तोंडात पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघालो तर ते आधीच फाटकाशी उभे. धुतलेलं धोतर, नवा दुपट्टा. "मी येतो," एवढंच. ऑटोत चालकाजवळ बसले. रस्ताभर मागे वळून बघितलं नाही.

दातांची डॉक्टर तरुण होती. तिनं मुलीला खुर्चीत बसवून छोट्या आरशानं पाहिलं, दातावर हवेचा फवारा मारला. मुलगी किंचाळली. मी खुर्चीचा हात धरला.

"दिवसात थंड पेय किती?" डॉक्टरनं विचारलं.

मला सांगताना शरम वाटली. अर्धं पाणी, कडक ब्रश, सगळं सांगितलं. पदवी सांगितली नाही. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"वरचा कठीण थर झिजलाय. किडीपेक्षा वेगळं आहे हे. आम्लानं विरघळत जातं," ती म्हणाली. "गेलेला थर परत येत नाही. उरलेला आपण राखू शकतो."

"वाढलं तर?"

"थांबवलं तर थांबेल. सहा महिन्यांनी बघू."

थांबवलं तर. मी ते शब्द मनात उलटसुलट करत होते, तेव्हा दाराशी हालचाल झाली. घरमालक आत आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते डॉक्टरच्या दिव्याखाली येऊन उभे राहिले आणि त्यांनी दुपट्टा खाली ओढला.

"मॅडम," ते म्हणाले, "असे तं नाही होणार ना पोट्टीचे?"

तीन वर्षांत पहिल्यांदा मी ते तोंड पाहिलं. वरचे पुढचे दात होते, पण दात म्हणावे असे नव्हते. खालून तासून घेतलेल्या चपट्या पट्ट्या, जुन्या पितळेच्या रंगाच्या, ओठापर्यंत न पोहोचणाऱ्या. आणि मागे, दोन्ही बाजूंना, दाढा. सगळ्या दाढा शाबूत, पांढऱ्या. खर्ऱ्याचा एक डाग नाही. बापाचं तोंड रोज पाहिलेली मी; मला ते तोंड वाचता यायला एक क्षण पुरला. हा माणूस खर्रा खाणाऱ्यांतला नव्हता.

डॉक्टरनं दिवा त्यांच्याकडे वळवला. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आजोबा, काम कोणतं होतं तुमचं? तेजाबाच्या टाकीवर होते का?"

त्यांचे ओठ थरथरले. दुपट्टा नसल्यामुळे ते दिसलं.

"हाव," म्हणाले मग. "भट्टीतून काढलेलं काळं पितळ तेजाबात बुडवत होतो. वाफ तोंडावर ये. सारा जलम. तुमी पयल्या हा मॅडम, काम विचारणाऱ्या. पयल्या डाक्टरानं विचारलं, खर्रा किती खाता? दुसऱ्यानंही तेच. कारखान्याचे शेटजी म्हणे, खर्रा कमी करा. मी सुपारीचं खांड नाही खाल्लं कधी. बायको मरेपर्यंत म्हणे, तुमी लपून खाता. किती जणाले सांगाव? मंग दुपट्टा बरा."

"मुलीचे असे नाही होणार," डॉक्टर म्हणाली. "लवकर आणलंत."

"मी नाही आणलं," ते म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. "बीएस्सीनं आणलं."

फाटकाशी उतरल्यावर म्हटलं, "बाबाजी, त्या दिवशी मी जे बोलली..."

"तू तं बापाचं पाहून होतीस," ते म्हणाले. मी त्यांना बापाचं कधी सांगितलं नव्हतं. मुलीनं सांगितलं असणार. "भांड्याले कल्हई पुन्हा चढते. दाताले चढवणारा कल्हईवाला अजून जलमाले नाही आला. ध्यान ठेव."

ध्यान ठेवलं. फ्रिजमधली बाटली समयांना गेली. मऊ ब्रश आला. डॉक्टरनं सांगितलेली पेस्ट आली. पाण्याची बाटली शाळेतून आली की मी झाकण उघडून वास घेते, अजून घेते. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन आली आणि वास आला, तर मी तिला असं झापलं की ती जेवली नाही. त्या दिवशी घरमालकच मध्ये पडले. "अवं, एक खेप पेली तं काई मरत नाही पोट्टी. खंगाळून आली का?" ती म्हणाली, "हाव." "मंग झालं." आयुष्यभर ज्या माणसानं लोकांना थंड्यावरून पिडलं, त्यानं मला हे सांगावं.

पण एक नवीनच सुरू झालं. वर्गात कुणी तिला काचेचे दात म्हणालं. ती हसताना हात तोंडावर धरू लागली. आधी कधीतरी, मग नेहमी. मला ते दातांच्या कडांपेक्षा भयंकर वाटायचं, कारण तो हात मला ओळखीचा होता. तो दुपट्टाच होता, नुसता लहान.

त्यांनी ते पाहिलं. एका संध्याकाळी अंगणात तिला समोर बसवलं आणि दुपट्टा काढून खुंटीला टांगला. "गडवे, पाहू कोणाचं तोंड जास्त भेसूर." आणि तोंड वेडंवाकडं करून, त्या सगळ्या तासलेल्या पट्ट्या दाखवत असा काही आवाज काढला की मांजर ओट्यावरून पळालं. तिनं हात काढला आणि दात विचकले. मग दोघांची शर्यतच लागली. शेजारची काकू भिंतीवरून बघून म्हणाली, "बुढा येडा झाला." मी मोबाइलवर फोटो काढला. दोघं, तोंडं पूर्ण उघडी, डोळे मिटलेले.

त्यानंतर ते घरात दुपट्टा लावायचे नाहीत. गल्लीत लावायचे. "गल्लीले कायले भेव दाखवा," म्हणायचे.

सहा महिन्यांनी डॉक्टरनं आधीचे फोटो आणि आताचे दात शेजारी धरून पाहिले. "थांबलंय."

"थांबलंय म्हणजे?"

"थांबलंय म्हणजे थांबलंय, ताई."

घरी येऊन त्यांना सांगितलं. त्यांनी मुलीला उजेडात नेलं, आत पाहिलं, गुंडात पाहायचे तसं, डोकं वाकडं करून. तिच्या डोक्यावर टिचकी मारली, कान लावला. "निघन," म्हणाले. म्हणजे टिकेल, चालेल. कारागीर भांडं परत देताना म्हणतो तसं.

त्याच पौषात ते गेले. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही. मुलगा नागपूरहून आला. तेरवीला लावायला फोटो शोधायला लागला, तर लग्नाच्या फोटोपासून आधारकार्डापर्यंत प्रत्येक ठिकाणी ओठ घट्ट मिटलेले, नाहीतर दुपट्टा. मी त्याला मोबाइल दाखवला.

तो बघतच राहिला. "हा कसा लावाव, ताई? बाबाचे दात दिसते."

"हाच लावा," मी म्हटलं.

फोटोतून मुलीला कापून काढलं आणि बाबाजींचा तेवढा भाग मोठा करून लावला. हार घातलेल्या फोटोत एक म्हातारा जगाला दात दाखवून हसतो आहे. येणारे लोक पाया पडून वर बघायचे आणि अडखळायचे. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी, पुढच्या गल्लीतला, शेजाऱ्याला म्हणाला, "बुढ्यानं खर्रा लय खाल्ला असन हो."

मी वाढत होते. बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी आवाज आला.

"नाही जी. ते खर्रा नव्हते खात. तेजाबानं गेले त्याइचे दात. कामानं."

माझी मुलगी पाण्याचा जग घेऊन उभी होती. तो माणूस हसला, "तुले कसं माईत?" आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, काळं पितळ, टाकी, वाफ, सगळं, पूर्ण तोंड उघडून. दोन्ही हात जगाला होते.

दारातून ऊन तिच्या मागून येत होतं. मी सवयीनं तिच्या दातांच्या कडा पाहिल्या. उजेड अजून आरपार येतो. आधी येत होता तेवढाच, मला वाटतं. तेवढाच.